गेन वाढवला की नुसता भुर्रर्र

पत्र

दादा, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितो. आमचा चौघांचा बँड आहे, मेटल वाजवतो. गावात लोक विचारतात, ‘काऊन रे, हे काय वाजवणं हाय?’ ते राहू द्या. माझ्याकडे आयबानेझ जिओ इलेक्ट्रिक गिटार आहे. तारेचं हलणं पकडणारे चुंबक-कॉइलचे पिकअप तीन: दोन हंबकर (दोन कॉइलवाले), मध्ये एक सिंगल कॉइल. ब्रिज ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं हलणारा. तारा कंपनीतून आल्या तशाच ९ च्या (९-४२ चा संच), पण ट्यूनिंग खाली उतरवलेलं, ड्रॉप सी. १५ वॉटचा प्रॅक्टिस अँप आणि एक डिस्टॉर्शन पेडल. गेन (आवाज किती फाटावा ती कळ) वाढवला की जाड तारेचा नुसता भुर्रर्र आवाज येते, नोट समजतच नाही. वरून घूंऽऽ असा हम. बारा हजार जमवले आहेत. बॅटरीवर चालणारा ईएमजी ८१ पिकअप घेऊ की १६ किलोओहमचा एखादा तगडा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा)? माझ्या बाबांचं दर्यापुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ते म्हणतात, ‘एवढ्याशा कॉइलले बारा हजार? आण इकडे, मी गुंडाळून देतो.’ जानेवारीत कॉलेजची गॅदरिंग आहे. काय करू? आणि नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअपही बदलावा लागेल का?

उत्तर

भाऊ, आधी निकाल सांगतो. ईएमजी ८१ आत्ता घेऊ नकोस. पॅसिव्ह घे, फक्त ब्रिजजवळचा एक, सिरॅमिक मॅग्नेटचा. तोही तारा बदलून आणि हमचा बंदोबस्त करून झाल्यावर. बाबांना कॉइल गुंडाळायला लावू नकोस, पण बाकी सगळ्या कामात त्यांना सोबत घे. तुझ्या दुखण्यावरचं अर्धं औषध त्यांच्याच दुकानात पडून आहे.

तुझ्या पत्रात दोन तक्रारी एकत्र गुंफल्या गेल्यात, भुर्रर्र आणि घूं. दोन्हींची मुळं वेगळी आहेत, आणि दोन्हींत पिकअपचा वाटा तुला वाटतो त्याहून कमी आहे.

भुर्रर्रपासून सुरू करू. ड्रॉप सी म्हणजे सहावी तार ८२.४ हर्ट्झवरून ६५.४ वर उतरली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशेबानं बदलतो. आकडे टाकून बघ, तुझ्या सगळ्यात जाड, ४२ च्या (म्हणजे इंचाच्या ४२ हजारांश जाडीच्या) तारेवर आता मूळच्या फक्त ६३ टक्के ताण उरलाय. इतकी सैल तार पिकनं जोरात मारली की त्या क्षणी सूर वर चढतो, मग खाली बसतो, आणि तेवढ्या वेळात ती फ्रेटवर आपटत राहते. पिकअप बिचारा जे समोर हलतंय तेच पुढे पाठवतो. तिथे जगातला सगळ्यात महाग पिकअप बसवलास तरी तो हेच भुर्रर्र जास्त स्वच्छपणे ऐकवेल.

आता त्याच जागी ५२ ची तार लाव. तारेचं वजन जाडीच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ४२ वरून ५२ वर गेलास की साधारण दीडपट. ६३ टक्क्यांचे दीडपट म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ जुनाच ताण परत आला. अर्नी बॉल आणि डॅडारिओ दोघांचेही १०-५२ चे संच मिळतात. वरच्या तीन तारा बेंड करण्याइतक्या मऊ, खालच्या तीन दणकट. ड्रॉप सीसाठी मी हाच संच सांगतो.

मात्र नुसता संच चढवून भागणार नाही. नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच ४२ च्या तारेसाठी कोरलेली आहे, ५२ ची तार तिच्यात अडकेल आणि ट्यून करताना ‘टक्’ वाजून सूर उडी मारेल. जुन्या जाड तारेचा तुकडा घे, त्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळ आणि खाच फक्त रुंद कर, खोल करू नकोस. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडणार. जाड तारांची ओढ वाढल्यामुळे ट्रेमोलो ब्रिज पुढे झुकेल. मागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत ब्रिज पुन्हा समतल आण. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे तिथे दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो का, ते तपासून घे. नाहीतर पॉवर कॉर्डमधल्या दोन तारा एकमेकींशी भांडतील, आणि डिस्टॉर्शनमध्ये ते भांडण सगळ्या गावाला ऐकू जाईल.

तारा झाल्या की पेडलकडे ये. गेनची कळ कुठे असते ते तू लिहिलं नाहीस, पण घरी एकट्यानं वाजवणारा माणूस ती नेहमीच गरजेपेक्षा पुढे ठेवतो. एकट्याला तो आवाज भरलेला वाटतो, बँडमध्ये त्याचा चिखल होतो. गेन एक तृतीयांश कमी कर. बेसची कळ मध्याच्या खाली आण. चौघांत एक बेस गिटारवाला असेलच, खालचा मजला त्याचा आहे. मिडची (मधल्या सुरांची) कळ शून्यावर असेल तर वर घे. घरी मिड कापून मस्त वाटतं, पण ड्रम सुरू झाले की अशी गिटार गायब होते. तुझ्या अँपमध्ये बहुतेक आठ इंची स्पीकर असणार. त्याला ६५ हर्ट्झ नीट हलवताच येत नाही, तो फक्त फडफडतो. म्हणून बेस वाढवून ‘हेवी’ मिळत नाही, फडफड मिळते.

यापुढची युक्ती जुनी आणि पक्की आहे. डिस्टॉर्शनच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवायचं, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या जातीच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी होत जातो. म्हणजे खालचा गाळ डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच गाळला जातो आणि पाम म्यूट (तळव्यानं तारा दाबून मारलेले टोले) ‘टक्-टक्’ असे सुटे ऐकू येतात. मेटलवाले कित्येक वर्षं हेच करत आलेत. मूळ पेडलच हवं असं नाही, त्याच सर्किटचं स्वस्तातलं कुठलंही चालेल. बारा हजारांतले पहिले पैसे तारांवर जावेत, दुसरे या पेडलवर. पिकअप तिसरा.

एक फुकटचं काम राहिलं, पिकअपची उंची. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि तार ते पिकअपचा खिळा हे अंतर स्टीलच्या पट्टीनं मोज. ब्रिजला साधारण दोन मिलिमीटर, जाड तारेच्या बाजूला त्याहून किंचित जास्त. नेकला तीनच्या आसपास. जोरदार आवाज मिळावा म्हणून बरेच जण पिकअप तारेला चिकटेपर्यंत वर आणतात. मग मॅग्नेट तारेलाच ओढायला लागतो, जाड तारेचा सूर थरथरतो आणि कितीही ट्यून केली तरी समाधान होत नाही. जाड बाजूचा स्क्रू अर्धा फेरा खाली करून ऐक. काही गिटारींचा निम्मा चिखल इथेच जातो.

आता घूं. मधल्या सिंगल कॉइलवर घूं येणारच, ती त्याची जातच आहे. पण हंबकरचा जन्मच हम मारण्यासाठी झाला. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून तो गिटारींवर आला. दोन कॉइल, एकमेकींच्या उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकांच्या. तारेचा सिग्नल दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेला विजेचा हम एकमेकांना खोडतो. म्हणून स्विच ब्रिजवर टाकल्यावरही हम येत असेल तर संशय पिकअपवर घेण्याआधी घरातल्या विजेवर घे.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर कर. हम तसाच राहिला तर तो गिटारमधून येतच नाही. केबल, पेडलचा अडॅप्टर, अँप किंवा भिंतीतली लाइन, या चौघांपैकी कुणीतरी आहे. पेडल अडॅप्टरऐवजी बॅटरीवर चालवून बघ. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर असताना आणि पूर्ण पाचवर असताना फरक पडतो का ऐक. यातले काही रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतात आणि त्या कापण्यातून चरचर पसरवतात. जुन्या चोकची ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्बही यात सामील असतात.

व्हॉल्यूम शून्यावर हम गेला आणि वाढवल्यावर आला, तर तारांना हात लाव. हात लावल्यावर कमी होत असेल तर आतली ग्राउंडची तार ठीक आहे, फक्त गिटारच्या पोकळीला शील्डिंग नाही. तांब्याची चिकट पट्टी आतून लावून ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो. पण हात लावल्यावर हम वाढत असेल, किंवा मुंग्या येत असतील, तर वाजवणं तिथेच थांबव. हे आवाजाचं दुखणं नाही, जिवाचं आहे. गिटारच्या तारा अँपच्या अर्थशी जोडलेल्या असतात. तुझ्या हातात तारा आणि ओठाजवळ दुसऱ्या बोर्डवरून आलेला माइक असताना अर्थिंग बिघडलेलं असेल तर काय होतं, ते बाबा तुला माझ्यापेक्षा नीट सांगतील.

आपल्याकडे किती घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि वरच्या मोठ्या भोकात मागून तारच नसते! बाबांना मीटर घेऊन मोजायला सांग. फेज ते न्यूट्रल जेवढे व्होल्ट, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे. अर्थिंगचा खड्डा असेलच तर शेवटचं पाणी कधी टाकलं होतं ते आठवा. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की तोच खड्डा निकामी. गॅदरिंगच्या स्टेजवर मंडपवाल्याच्या लाइनचीही अशीच तपासणी करून घ्या, आणि हम जातो म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून दूर राहा.

एवढं झालं की पिकअपवर येऊ, कारण लागलाच तर तो नीट निवडून घ्यायचा आहे. तुझ्या डोक्यात १६ किलोओहम बसलंय, ते आधी काढतो.

ओहमचा आकडा म्हणजे कॉइलच्या तारेचा रोध, बाकी काही नाही. बाबांना विचार, दोन मोटारींच्या वाइंडिंगचा रोध सारखा आला म्हणून त्या सारख्या ताकदीच्या असतात का? तार बारीक घेतली की वेढे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो. पिकअपमध्ये ४२ गेजची तार म्हणजे जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. ४३ गेज, म्हणजे आणखी बारीक, घेतली की तेवढ्याच लांबीचा रोध जवळपास २९ टक्के वाढतो, आउटपुट तेवढा वाढत नाही. त्यात तापमानाचा खेळ वेगळा. तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. कंपनीनं २० अंशांना मोजलेला १६.४ किलोओहमचा पिकअप मे महिन्यात ४५ अंशांत दर्यापुरात मोजलास तर १८ दिसेल. आपला उन्हाळा फुकटात ‘हाय आउटपुट’ करून देतो, म्हणायला हरकत नाही.

खरा फरक वेढे, मॅग्नेट आणि इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइल करते तो विरोध) यांत असतो. वेढे वाढवले की सिग्नल वाढतो, पण इंडक्टन्सही वाढतो आणि वरचा कडकपणा बोथट होतो. जुन्या धाटणीच्या हंबकरचा इंडक्टन्स साधारण ४ ते ५ हेन्री, गरम पिकअपचा ८ च्या घरात. त्यापुढे लांब स्वस्त केबल जोडली की ट्रेबल आणखी खाली येतं. ड्रॉप सीमध्ये तुला नेमकी उलटी गोष्ट हवी आहे. जाड तारेचा टोला सुटा ऐकू यायला हवा.

गरम पिकअप आले कशासाठी, तेही पाहा. ब्लॅक सबाथच्या १९७० च्या सुमाराच्या रेकॉर्डिंगमध्ये टोनी आयोमी यांची गिब्सन एसजी पी-९० सिंगल कॉइलवर चालत होती, आणि त्याहून जड काही तेव्हा नव्हतं. त्या काळच्या अँपमध्ये गेन कमी होता, अँप फाटायला हवा तर त्याच्या तोंडावर जास्त सिग्नल आदळायला लागायचा. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप १९७२ मध्ये आला तो ही गरज भागवायला. आज तुझ्या एका पेडलमध्येच सबंध अँपपेक्षा जास्त गेन आहे. पिकअपनं त्यात आणखी भर घालावी अशी गरज उरलेली नाही. पिकअपकडून आता मागायची ती शिस्त.

म्हणून सिरॅमिक. अल्निकोपेक्षा (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मॅग्नेटपेक्षा) त्याचा टोला ताठ, खालचा भाग घट्ट. सीमोर डंकन या पिकअप कंपनीच्या यादीतली दोन नावं शेजारी ठेवतो. जेबी हा जगात सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या बदली पिकअपांपैकी एक, अल्निको ५, रोध १६ किलोओहमच्या वर. कस्टम हा सिरॅमिक, १४ च्या आसपास. आकडा बघितलास तर जेबी तगडा वाटेल. जेबीचा मिड पुढे येतो, सोलोला तो गातो, स्टँडर्ड ट्यूनिंगच्या हार्ड रॉकला सुरेख. पण खालच्या ट्यूनिंगला त्याचा बेस जरा सैल पडतो. तुझ्या कामाला कस्टम. आणखी आक्रमक हवा तर त्याच कंपनीचा डिस्टॉर्शन नावाचा पिकअप, तोही सिरॅमिक, पण त्याच्याबरोबर गेन आणखी खाली आणावा लागेल. डिमार्झिओत जायचं तर सुपर डिस्टॉर्शन आजही वाईट नाही. थोडा जाडसर आहे, पण सिरॅमिक असल्यामुळे ढेपाळत नाही. माझं मत विचारशील तर कस्टम, आणि विषय बंद.

ऑर्डर करण्याआधी एक माप घ्यायचं. ब्रिज पिकअपवर पहिल्या आणि सहाव्या तारेखालच्या खिळ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. साधा हंबकर ४९-५० मिलिमीटरचा असतो. ट्रेमोलो ब्रिजवर तारा पसरट असतात, तिथे ५१ ते ५३ चा लागतो. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतं, डंकन ट्रेमबकर. कस्टम घेतलास तर साध्या मापाचा एसएच-५ नाही, रुंद मापाचा टीबी-५. किंमत दुकानागणिक आणि डॉलरच्या भावानं हलते. तारा आणि पेडल घेऊन उरलेल्या पैशांत बसत नसेल तर दोन महिने थांब किंवा वापरलेला घे. पिकअप सहसा झिजत नाही. वापरलेला घेताना वायर किती लांब शिल्लक आहे ते बघ आणि मीटर लाव. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटली आहे.

ईएमजीचं काय? चांगलाच आहे. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डनी वर्षानुवर्षं ब्रिजला ८१ वापरला आणि त्या आवाजानं एक पिढी घडली. आत छोटा प्रीअँप असतो, कॉइलचे वेढे कमी, हम अतिशय कमी, लांब केबलनं आवाज बोथट होत नाही. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या विजेला धरून आहे. ईएमजीला तारांची ग्राउंड वायर जोडावी लागत नाही, कंपनीच ती काढून टाकायला सांगते. पण त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते, तिच्यासाठी तुझ्या गिटारच्या पोकळीत जागा शोधावी लागेल. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या कळांखालचे भाग) ५०० किलोओहमऐवजी २५ किलोओहमचे, जॅक स्टिरिओ. मधला सिंगल कॉइल आणि नेक पॅसिव्ह ठेवले तर एकाच स्विचवर दोन जातींचा संसार नीट चालत नाही. म्हणजे पूर्ण संच बदलावा लागेल, आणि ते बारा हजारांत होत नाही. दीड हजारात ईएमजी मिळतोय असं कुठे दिसलं तर तो ईएमजी नाही.

आता बाबांचा प्रश्न, जो मला तुझ्या पत्रातला सगळ्यात छान वाटला. त्यांचं म्हणणं तत्त्वानं बरोबर आहे. एनॅमलची तांब्याची तार, बॉबिन, वेढे, एवढंच आहे हे. पण तार केसाएवढी बारीक, एकेका कॉइलला पाच हजारांच्या आसपास वेढे, आणि बोटाचा ताण जरा चढला की तुटली. मोटारीच्या तारेला ज्या जोरानं ओढायची हाताला सवय असते त्याच्या अगदी थोड्या अंशानं इथे काम करायचं असतं. शिवाय मोटारीचं वाइंडिंग झालं की वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत तापवतात. इथे तसं केलं तर प्लॅस्टिकचं बॉबिन वाकडं होईल. पिकअप कमी तापमानाच्या मेणात बुडवतात, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारत नाहीत. बाबांना हौस असेल तर बंद पडलेला एखादा पिकअप मिळवून द्या. बँजो पार्टीवाल्यांकडे असे पडलेले असतात, त्यांचा बँजोही पिकअपवरच वाजतो. त्यावर मन भरून प्रयोग होऊ द्या. गॅदरिंगची गिटार मात्र त्या प्रयोगात नको.

जोडणी बाबांनीच करावी. सोल्डरिंग त्यांच्या हातातलं आहे, पण दोन सूचना दे. दुकानात आम्लाचा फ्लक्स असेल तर तो इथे नको, रोझिनचाच वापरा. आणि पॉटच्या पाठीवर सोल्डरिंगची इस्त्री लावून बसायचं नाही. गरम इस्त्री, झटकन टाका, बाजूला. रेंगाळलं की आतला कार्बन जळतो.

काम सुरू करताना आधी ब्रिजखाली कापडाची घडी किंवा लाकडाचा पातळ तुकडा सरकव, म्हणजे तारा सैल झाल्यावर ट्रेमोलो मागे कोसळणार नाही. जुनी वायर सोडवण्याआधी स्विचचा फोटो दोन्ही बाजूंनी काढ. तुझ्या पाच स्थितींच्या स्विचमध्ये मधल्या काही जागांवर हंबकरची एकच कॉइल चालू राहात असेल, त्यासाठी जुन्या पिकअपची एक जादा वायर स्विचवर गेलेली दिसेल. डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकत्र. ती लाल-पांढरीची जोडीच स्विचवरच्या त्या जादा वायरच्या जागी जाते. डिमार्झिओत रंग वेगळे आहेत. लाल सिग्नलची, हिरवी-उघडी ग्राउंडला, काळी-पांढरीची जोडी. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की आवाज पातळ येतो आणि माणूस पिकअपला शिव्या देतो.

टाका घालण्याआधी पिकअपची फेज, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का, ते तपासा. यासाठी बाबांकडचा जुना सुईचा मीटर डिजिटलपेक्षा बरा. मीटर ओहमवर ठेवून नेकच्या पिकअपला जोडायचा, स्क्रू ड्रायव्हरचा लोखंडी पाता खिळ्यांवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. सुई क्षणभर एका बाजूला हलते, ती कुठल्या बाजूला हलली ते लिहून ठेवा. नव्या पिकअपवर तेच करा, सिग्नलची वायर मीटरच्या त्याच टोकाला ठेवून. सुई त्याच बाजूला हलली तर जोडून टाका. उलट्या बाजूला हलली तर काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करा, उघडी मात्र ग्राउंडलाच राहील. नव्या पिकअपची वायर लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून पोकळीत ठेवा. वायर कापली की परतीचा मार्ग बंद, आणि उद्या विकायचा म्हटलं तर भावही उतरतो.

नेकचा पिकअप राहू दे. मेटलच्या रिफसाठी तो स्विचवर कधी येणार? स्वच्छ आवाजाच्या तुकड्यांना आणि एखाद्या सोलोला आहे तो पुरतो.

वेळेचं गणित असं बसव. तारा आणि उंची या आठवड्यात, अर्थिंग बाबांना सवड मिळेल त्या रविवारी, पेडल त्यानंतर. इतकं झाल्यावर सगळ्या बँडबरोबर, ड्रमसकट, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. अजूनही जाड तार सुटी ऐकू येत नसेल तर टीबी-५ मागवा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत गिटारमध्ये बसला तर ठीक, नाही बसला तर गॅदरिंग जुन्याच पिकअपवर वाजवा आणि नवा फेब्रुवारीत लावा.